बेस ‘ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हेडफोन लावावा

‘बेस गिटार घेण्याआधी हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी तो न वाचताच पुढे सरकलो होतो. मग तो दाजींच्या मोबाइलवर पोचला आणि अकरावीतल्या भाचीला बेस गिटार (गाण्यात खालचे, जाड स्वर देणारी गिटार) घेऊन द्यायचं ठरलेलं एका रात्रीत रद्द झालं. “मामा, बाबा म्हणतात ते वाद्य ऐकूच येत नाही, त्यापेक्षा कीबोर्ड घे.” मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नसराईत रात्र-रात्र तेच करतो. त्यामुळे याला उत्तर देणं मला भाग आहे.

मजकूर कुणी लिहिला ते त्यात नाही. म्हणणं साधारण असं: बेस गाण्यात ऐकू येत नाही, काढून टाकला तरी कुणाला कळत नाही. ज्याला गिटार जमत नाही तो बेस वाजवतो, कारण चारच तारा. आपल्या संगीतात बेसला जागा नाही, आपल्याकडे बेस म्हणजे डॉल्बी. घ्यायचीच तर पाच तारांची, ॲक्टिव्ह, पन्नास हजारांच्या वरची घ्या, खालचं सगळं खेळणं. सराव बोटांतून रक्त येईपर्यंत आणि मनगट भरून येईपर्यंत करा. आणि ॲम्पवर (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या पेटीवर) पैसे घालू नका, घरचं होम थिएटर चालतं.

सगळ्यांत बिनबुडाचं विधान आधी घेतो: ऐकू येत नाही.

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा स्वर निघतो. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही झेपत नाही. तुम्ही मोबाइल टेबलावर ठेवून गाणं लावता आणि म्हणता बेस नाही. बेस आहे, तुमच्या स्पीकरनं तो गाळला. तरीही कान मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर बराचसा जुळवून घेतो, म्हणून मोबाइलवरसुद्धा गाणं अगदीच पोकळ वाटत नाही. साधा वायरचा हेडफोन लावा आणि मग बोला.

‘काढला तरी कळत नाही’ हे त्याहून चुकीचं. घरात हार्मोनियम असेल तर करून बघा. मध्य सप्तकातले सा, ग, प एकदम दाबून धरा. मोकळं, प्रसन्न वाटतं. आता ते तिन्ही स्वर तसेच धरून खालच्या सप्तकातला ध द्या. वरची बोटं हलली नाहीत, तरी सगळा रंग उतरतो, सूर उदास होतो. गिटारवाल्यांच्या भाषेत सी मेजर कॉर्डचा (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा) ए मायनर सेव्हन झाला. ध सोडून म द्या, पुन्हा तिसरंच काहीतरी. बेसवाला हेच करतो. गाणारी तीच चाल गात असते, गिटारवाला तोच कॉर्ड धरून असतो आणि त्या कॉर्डचा अर्थ खालचा एक स्वर ठरवतो. ऐकणाऱ्याला ‘बेस बदलला’ असं कळत नाही हे खरं. त्याला गाण्याचा भाव बदललेला कळतो.

याचा सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगभर वाजली, त्यातल्या बहुसंख्य गाण्यांवर बेस या माणसाचा, आणि कितीतरी वर्षं रेकॉर्डवर त्याचं नावच छापलेलं नव्हतं. मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ते आलं. १९८९ साली ॲलन स्लट्स्की यांनी ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक काढलं. त्यात जेमर्सनचं चरित्र आहे आणि त्याच्या बेसच्या ओळी नोटेशनमध्ये उतरवलेल्या आहेत. ज्याला बेस नुसता ‘धुम-धुम’ वाटतो त्यानं त्यातलं एक पान उघडावं. नोटेशन वाचता येत नसलं तरी चालेल, शाई किती दाट पडली आहे ते नुसतं बघा.

मग स्टीव्ही वंडरचं १९६८ चं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ हेडफोनवर लावा आणि गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका. खालचा आवाज धरून शेवटपर्यंत चला. एकदा वाजवलेलं जेमर्सन जवळजवळ पुन्हा वाजवत नाही. मात्रेच्या आधी उडी घेतो, मध्येच चढतो, समेवर येतो असं वाटतं तोच बगल देतो, आणि तरी गाणाऱ्याच्या पायात एकदाही येत नाही. हे सगळं उजव्या हाताच्या एका तर्जनीनं. गिटार १९६२ ची फेंडर प्रिसिजन, चार तारा, बॅटरी-बिटरी काही नाही. तारा गुळगुळीत गुंडाळीच्या, ब्रिजच्या (तारा खाली जिथं टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली स्पंजचा तुकडा, म्हणून स्वर उमटतो आणि लगेच मिटतो. हे गाणं बेसशिवाय ऐकलं तर कळणार नाही म्हणणाऱ्यानं ते ऐकलेलंच नाही.

मजकुरात इथं दोन उदाहरणं दिली आहेत, ती टाळून पुढे जात नाही. प्रिन्स या गायकानं १९८४ च्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून बेस मुद्दाम काढून टाकला आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. खरं आहे, मान्य. पण ते गाणं लागलं की खालची रिकामी जागा पहिल्या काही सेकंदांत अंगावर येते, आणि ‘बेस नसलेलं गाणं’ म्हणूनच ते आजवर चर्चेत आहे. नसलेला बेस एवढा कळतो, तर ‘कळत नाही’ कुठून आलं? दुसरं उदाहरण व्हाइट स्ट्राइप्स या बँडचं. त्यांच्याकडे बेसवाला नव्हता हे बरोबर. पण २००३ च्या ‘सेव्हन नेशन आर्मी’तली ती प्रसिद्ध ओळ गिटारला पेडल (पायानं चालवायचं, आवाज बदलणारं यंत्र) लावून एक सप्तक खाली उतरवलेली आहे. बेसवाला नाही म्हणून गिटारलाच बेसच्या जागी नेऊन बसवलं, यातून बेसची गरज सिद्ध होते. आणि उलट बाजूला मेटॅलिका या बँडचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम बघा. मिक्सिंगमध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळपास पुसला गेला. चाहत्यांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही, लोकांनी बेस वाढवून स्वतःची मिक्सिंग केली. इतक्या लोकांना कळलं.

‘गिटार जमत नाही तो बेस वाजवतो.’ यात अर्धं खरं आहे आणि ते मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. बेस बऱ्याचदा कुणाच्या तरी गळ्यात पडतो. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफनं बीटल्स सोडल्यावर दुसरं कुणी तयार होईना, म्हणून बेस पॉल मॅकार्टनीकडे आला. आपल्या ऑर्केस्ट्रांतही तिसरा गिटारवाला उगवला की त्याच्या हातात बेस देतात. पण त्यापुढचं मजकुरात नाही. त्याच मॅकार्टनीनं १९६९ च्या ‘समथिंग’मध्ये गाण्याखाली दुसरं गाणं वाटावं असा बेस वाजवला. कॅरल के मुळात व्यावसायिक गिटारवादक होत्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस उचलला आणि नंतर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत बेससाठी सर्वांत जास्त बोलावणं येणाऱ्यांत त्या गणल्या गेल्या. बीच बॉइज या बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ अल्बमवर त्या आहेत. गिटार जमत नव्हती म्हणून नव्हे. चार तारांचं म्हणाल तर तारा मोजून वाद्याची अवघडाई ठरत असती तर एकतारीवर भजन कुणीही रंगवलं असतं. बेसमध्ये स्वर काढण्याइतकंच तो नेमका कधी मिटवायचा हे कठीण असतं, आणि चूक लपत नाही. गिटारवाला घसरला तर स्टेजखाली कुणाला पत्ता लागत नाही. मी घसरलो की गाणारी मान वळवून माझ्याकडे बघते.

आता जे वाचून मला खरोखर चीड आली ते: रक्त येईपर्यंत, मनगट भरून येईपर्यंत वाजवा.

हे सोळा वर्षांच्या मुली वाचतायत. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतात, पुढे कातडी घट्ट होते, तेवढं सगळ्यांना होतं. मनगट दुखणं, हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं हे वेगळं. त्याला मेहनत म्हणत नाहीत, ती इजा आहे. तिथं थांबायचं आणि राहिलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

का दुखतं, तेही सांगतो. नेहमीच्या बेस गिटारची तार ३४ इंचांची, गिटारची साधारण साडेपंचवीस. बेसच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर पाच इंच होतं. यूट्यूब बघून मुलं एका फ्रेटला एक बोट असं धरून ते पाच इंच ताणत बसतात, अंगठ्यानं नेक मागून आवळतात, मनगट काटकोनात मोडतं. डबल बेस (उभं राहून वाजवायचं, व्हायोलिनच्या घडणीचं मोठं वाद्य) वाजवणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला. फ्रान्झ सिमांडल यांच्या पद्धतीत खालच्या जागांवर पहिलं (तर्जनी), दुसरं आणि चौथं (करंगळी) बोट वापरतात, तिसरं बोट चौथ्याला आधार देतं, आणि ताणण्याऐवजी हात सरकतो. लहान हातांनी पहिले चार-पाच फ्रेट असेच वाजवावेत. पट्टा एवढा आखूड ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर गिटार एकाच उंचीवर राहील. नेकचं टोक वर, मनगट जमेल तितकं सरळ. उजव्या हातानं तार ओरबाडायची नाही. आवाज कमी वाटला तर ॲम्पचा वाढवा, बोट हलकंच ठेवा.

‘आपल्या संगीतात बेसला जागा नाही.’ हे कोल्हापुरात कुणी पुढे पाठवावं? अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, या गावानं खर्ज ऐकत कान घडवले. तानपुऱ्याची शेवटची तार खर्जाची असते, मैफलीत ती वेगळी कुणी ऐकत नाही आणि तिच्याशिवाय कुणी गायलाही बसत नाही. ते तानपुरे इथून तासा-दीड तासावर मिरजेत बनतात. सिनेसंगीतात आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. इळयराजांच्या गाण्यांत बेसच्या ओळी स्वतंत्र चालीसारख्या गुणगुणता येतात. आणि मुंबईची मोहिनी डे ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवून पुढे जगभर वाजवतेय. भाचीला मी तिचेच व्हिडिओ पाठवलेत.

राहता राहिला डॉल्बी. मिरवणुकीत छातीवर बसतो तो एकच ठोका, रात्रभर तोच. त्यात सा कोणता आणि प कोणता सांगून दाखवा. त्याला बेस म्हणणं बंद करा, आणि पोरांना त्या भिंतीपासून लांब ठेवा, कान एकदा गेले की परत येत नाहीत.

पाच तारा, ॲक्टिव्ह, पन्नास हजार. वर जेमर्सनची गिटार सांगितली, नावाजलेला बेसवादक जॅको पास्टोरियस याचीही चार तारांचीच फेंडर जॅझ बेस होती, फ्रेट काढून टाकलेली. त्याचा १९७६ चा पहिला अल्बम ऐका, त्यात ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये एकटी बेस गिटार आहे. ॲक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (आवाज ॲम्पकडे जाण्याआधी घडवणारा भाग), एवढंच. त्यानं आवाज वळवायला सोय होते, वाजवणं सुधारत नाही. नवशिक्याला यामाहा टीआरबीएक्स १७४ मला सरळ आणि प्रामाणिक वाटते: दोन पिकअप (तारेचं कंपन टिपणारे भाग), बॅटरी नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. आयबानेझ जीएसआर २०० ची नेक पातळ, हाताला हलकी, फक्त तिचं बेस बूस्टचं बटण शून्यावर ठेवा, नाहीतर आवाज गढूळ होतो. हात अगदी लहान असेल तर ३० इंची स्क्वायर ब्रॉन्को. तिची जाड तार थोडी सैल वाटते, पण ताण पडत नाही. यातली कुठलीच खेळणं नाही.

दुकानात नावापेक्षा नेक बघा. बाराव्या फ्रेटवर तार दाबून काढलेला स्वर आणि त्याच जागी नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या यंत्रावर) सारखे येतात का ते तपासा. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी प्रत्येक स्वर धरून ऐका, तिथं तो लवकर विझण्याची खोड बऱ्याच गिटारींना असते. आपल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, म्हणून पाऊस सरला की ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळी) एकदा जाणत्याकडून बघून घ्या.

होम थिएटरला मात्र लावू नका. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे चढउतार दाबून सपाट केलेले असतात, बेस गिटारच्या तारेचा पहिला फटका तसा नसतो, आवाज वाढवलात तर स्पीकरचा पडदा (कोन) फाटतो. साध्या गिटार ॲम्पवर हळू आवाजात चालून जाईल. घरी सरावाला सर्वांत बरा म्हणजे गिटारला थेट खोचायचा छोटा हेडफोन ॲम्प, शेजाऱ्यांची तक्रार नाही आणि खालची जाड तारही पूर्ण ऐकू येते.