काय विकताय ते तरी सांगा

काल कपाट घरात येऊन सतरा दिवस झाले आणि कालच संध्याकाळी त्याचं दार बायकोच्या हातात आलं. वरची बिजागरी स्क्रूसकट उपसून बाहेर, खालची लोंबकळत, आणि नव्या फरशीवर पिवळट भुसा. मी शिरोलीच्या कारखान्यातून भिजत आलेलो, रेनकोटही काढला नव्हता. "अहो, आधी हे धरा," म्हणून तिनं हाक मारली, तसाच जाऊन दार धरलं. आत बघतो तर स्क्रूच्या जागी करंगळी जाईल एवढं भोक. भोकाच्या कडेनं नख फिरवलं की भुसा गळतोय. लाकूड नाही, प्लाय नाही. भुसा.

मग खाली वाकून बघितलं. पुढच्या पट्टीची खालची कड चहात बुडवलेल्या बटरासारखी फुगली होती. कडेला चिकटवलेली टेप सुटून वर वळली होती. घरात गळती नाही, ओल नाही. रोज फरशी पुसतात ते पाणी, तेवढंच लागलं होतं. सतरा दिवस फरशी पुसली म्हणून कपाट सडायला लागलं.

दार भिंतीला टेकवलं आणि रात्री आठला दुकान गाठलं. ज्या माणसानं विकलं तोच गल्ल्यावर होता. विकताना याच माणसानं बोटाच्या पेरानं दारावर ठकठक करून मला ऐकवलं होतं, "दादा, आवाज बघा. प्लाय हाय प्लाय. वॉटरप्रूफ." बायको शेजारी उभी होती, तिनंही ऐकलं. काल तोच म्हणतो, "प्लाय कुठं म्हणालो आम्ही? इंजिनिअर्ड वूड म्हणालो. ते बी लाकूडच की." मी भुशाचा तुकडा काउंटरवर ठेवला. त्यानं तो बघितलासुद्धा नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला गादी दाखवायला निघाला आणि जाता जाता म्हणाला, "ह्या रेटमधे तुमाला काय सागवान पायजे व्हतं काय?"

हे वाक्य रात्रभर डोक्यात घणासारखं वाजतंय.

मी सागवान मागितलं होतं का? दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी बजेट सांगितलं होतं. पाच वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, कर्ज काढून कळंब्याला पहिलं घर घेतलं. मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार, वकील, मीटर, ग्रिल, सगळं वजा जाऊन फर्निचरला हातात राहिले १ लाख ४० हजार. पलंग, कपाट, सोफा, जेवायचं टेबल, सगळं त्यात. यात काहीच लपवलं नव्हतं. मला सागवान परवडत नाही हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी एकच प्रश्न विचारला होता: हे कशाचं आहे? त्याचं खरं उत्तर द्यायला त्याला काय खर्च होता? "पार्टिकल बोर्ड आहे, पाणी लागू देऊ नका, दारावर वजन टाकू नका," असं सांगितलं असतं तर मी घेतलं असतं किंवा नसतं घेतलं, पण समजून घेतलं असतं.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, म्हणून मला हे जास्त झोंबतंय. आमच्याकडून एक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर पडायचं तर त्याच्यावर हीट नंबर असतो. कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतून ओतलं, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातू तपासायच्या यंत्रावर, कार्बन किती आला, सिलिकॉन किती आला, सगळं कागदावर. एफजी २६० ग्रेडचं बीड म्हणून सांगितलं तर नमुन्याची कांडी तुटेपर्यंत ओढून २६० ची ताकद दाखवावी लागते, नाहीतर अख्खी गाडी परत येते. ट्रॅक्टरच्या पोटात बसणारा तो भाग, कुणाला दिसत नाही, तरी त्याची ग्रेड सांगावी लागते. आणि माणूस दहा-पंधरा वर्षं रोज उघडझाप करणार त्या कपाटाला ग्रेड नाही, नाव नाही, काही नाही. "प्रीमियम फिनिश." या शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. फिनिश म्हणजे वरची एक मिलिमीटरची सनमायका. त्याच्या खाली काय आहे ते बोला.

आज सकाळी शेजारच्यांनी त्यांचे मिस्त्री पाठवले. साठीचे गृहस्थ. त्यांनी भोकात बोट घातलं, भुसा चोळून बघितला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात स्क्रू एकदाच बसतोय. निघाला की संपलं. परत बसवला तर चार दिवस." मग पलीकडच्या जागी नवी भोकं पाडून, आतून पट्टी लावून दार कसंबसं अडकवलं. तीनशे रुपये. चहा घेताना त्यांनी जे सांगितलं ते दुकानातल्या एकानंही सांगितलं नव्हतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात कालवून दाबलेला. उसाच्या चिपाडाचासुद्धा होतो. कोरड्या जागी, न हलणाऱ्या फळीला तो चालतो. पण कापलेली कड उघडी राहिली की तिथून पाणी पितो आणि एकदा फुगला की वाळवून मूळ जागी येत नाही. प्लायवर आयएसआयचा शिक्का असतो, त्याच्याखालचा आकडा वाचायचा. ३०३ असेल तर साधा, त्यातही एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, त्याच्या वरचा. ७१० म्हणजे मरीन, त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटवलेले थर सुटतात का बघतात. आठ बाय चारचं शीट, एका बाजूला शिक्का. "शीट कापायच्या आधी बघायचं, कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला कुणाला सापडत न्हाई," म्हणाले.

एवढी साधी गोष्ट. दहा मिनिटांची. जून ते सप्टेंबर जिथं दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, त्या कोल्हापुरात कपाट विकणाऱ्या माणसाला ही दहा मिनिटं द्यायची नसतात.

आणि बिल! बिलाचं सांगितलंच पाहिजे. कपाटाची किंमत ३४,०००. बिल मागितलं तर चेहरा पडला. "बिल पायजे तर अठरा टक्के वर पडतील, बघा." म्हणजे बिलाशिवायचा भाव हाच खरा भाव, आणि कायद्यानं वागणाऱ्यानं ६,१२० रुपये जास्त मोजायचे. फर्निचरवर जीएसटी आधी २८ टक्के होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ वर आला, पण दुकानात आजही कर म्हणजे गिऱ्हाइकाला घाबरवायचं बुजगावणं. मी भरले. ४०,१२० रुपये मोजून पक्कं बिल घेतलं, उद्या काही झालं तर हातात कागद असावा म्हणून. काल तो कागद उघडून नीट वाचला. "वॉर्डरोब थ्री डोअर, १ नग." बस. सरकारसाठी एचएसएन कोड, म्हणजे करासाठीचा मालाचा आकडा, आहे, ९४०३. माझ्यासाठी कपाट कशाचं आहे याचा एक शब्द नाही. आणि तळाला लाल शाईत, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

एकदा राग आला की जुनं सगळं वर येतं. दसऱ्याला सोफा बघायला गेलो होतो तेव्हाचं तेच. काचेवर "फ्लॅट ५० टक्के", आत सोफ्यावर ५८ हजारांची चिठ्ठी, ती कापून २९. पंधरा दिवस आधी तोच सोफा, तेच खाकी कापड, उजव्या हाताला तीच उसवलेली शिवण, ३० हजारांना होता. मी स्वतः विचारून गेलो होतो. एक हजाराच्या सुटीला पन्नास टक्के म्हणायला जीभ कशी रेटते? मग "नो कॉस्ट ईएमआय घ्या". त्यात प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीला मिळणारी सूट बंद, म्हणजे व्याज तिथंच वसूल. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना लिहून कळवलंय, तरी दुकानाच्या दारात फलक आहेच.

ऑनलाइन पलंग मागवला तो खोक्यांत आला. "आपल्या पिनकोडला जोडणीची सेवा उपलब्ध नाही." हे पैसे घेण्याआधी सांगता येत नव्हतं? आठ बोल्टांच्या जागी सहा आले. उरलेले दोन मी कारखान्यातून येताना उद्यमनगरात विकत घेतले, बारा रुपयांना. ते बारा रुपयांचे बोल्ट आज त्या पलंगातले सगळ्यात मजबूत भाग आहेत.

आणि जिना. "फ्री डिलिव्हरी" म्हणजे बिल्डिंगच्या दारापर्यंत. तिसऱ्या मजल्याचे मजल्यामागं तीनशे वेगळे, हे टेम्पो दारात उभा राहिल्यावर कळतं. हमालांना त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत, पाऊस लागून ओल्या जिन्यावरून कपाट चढवणं म्हणजे जिवावरचं काम. पण ते पैसे दुकानदारानं आधी सांगावेत ना. तो नामानिराळा, आणि आम्ही आणि हमाल जिन्यात एकमेकांशी भांडतोय.

सगळे म्हणतात, मिस्त्रीकडनं करून घ्यायचं होतं. घेत होतो की. फेब्रुवारीत एकाला पाच हजार ॲडव्हान्स दिला. आधी "जोतिबाची यात्रा होऊ दे", मग गावची यात्रा, मग भाच्याचं लग्न, मग फोन बंद. कर्जाचा हप्ता सुरू, भाड्याची खोली सोडायची तारीख ठरलेली. जमिनीवर गादी टाकून किती दिवस झोपणार? आईचे गुडघे धरलेत, तिला खालून उठता येत नाही. म्हणून तयार माल घ्यायला गेलो. हौस म्हणून नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टमधली एक गोष्ट मला काल रात्रभर आठवत होती. माझ्या आत्याचं घर शुक्रवार पेठेत. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी त्याच्या किती तरी वर गेलं. आत्याच्या घरात छातीएवढं पाणी पाच-सहा दिवस. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो. तिचं लग्नातलं सागवानी कपाट चिखलात उभं होतं. पाइप लावून धुतलं, महिनाभर सावलीत वाळवलं, दाराला थोडा रंधा मारला. आजही ते दार एका बोटानं लागतं. शेजारी दोन वर्षांपूर्वी घेतलेलं टीव्हीचं युनिट होतं, ते आम्ही फावड्यानं उचलून पाटीत भरलं. लापशी झाली होती त्याची. आत्या त्या पाटीकडं बघून रडली, कारण त्याचे हप्ते अजून चालू होते.

मला आत्याचं कपाट परवडणार नाही, मान्य. आमच्या आजोबांचा असाच सागवानी पलंग काकांनी गावाकडचं घर पाडताना भंगारवाल्याला दीड हजाराला दिला. तसलाच एक पलंग, पॉलिश मारलेला, मी याच खरेदीच्या फेऱ्यांत "अँटिक" म्हणून २८ हजारांना बघितला. पायावरचं कोरीव काम हातानं चाचपून बघितलं आणि बाहेर आलो. घशात आवंढा आला होता. आमच्याकडनं घेताना ते जुनं लाकूड आणि आम्हाला देताना तो वारसा.

पैसेवाल्याला हे दुकानदार वेगळं बोलतात, मी कानांनी ऐकलंय. त्याला दांडेलीचा साग, बल्लारशाचा साग, हे पॉलिश, त्या बिजागरीची कंपनी, सगळं उलगडून सांगतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. आणि ज्याच्याकडं मोजके पैसे आहेत, ज्याला एकदा चुकलं तर दुसरं घ्यायची ऐपत नाही, ज्याला माहितीची खरी गरज आहे, त्याला दारावर ठकठक करून आवाज ऐकवतात. स्वस्त विका. भुशाचं विका, पुठ्ठ्याचं विका, कुणाची ना नाही. पण हे भुशाचं आहे म्हणून सांगा आणि बिलावर लिहा.

ती लाल शाईतली ओळही मी आता ऐकून घेणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. माझ्या बिलावर मुदत नाही. आज अठरावा दिवस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. दुकानाला लेखी पत्र लिहिलंय, दाराचे, भोकाचे, फुगलेल्या कडेचे फोटो जोडलेत, मिस्त्रींनी त्यांचं मत कागदावर लिहून सही करून दिलंय. उद्या स्पीड पोस्टानं टाकणार, आणि ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

कपडे परत बोचक्यात बांधून पलंगावर ठेवलेत. भुशाचा तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत टाकलाय. रविवारी दुकानात गर्दी असते. मी रविवारीच जाणार आहे, आणि तिथं जो कुणी कपाटाच्या दारावर ठकठक ऐकत उभा असेल, त्याच्या हातात आधी तो तुकडा देणार आहे.