चाचणी 30 या आकड्यावरून ठरत नाही

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच असल्यामुळे प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की पदव्युत्तर विद्यार्थी संख्याशास्त्राच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात, आणि अलीकडे त्यांतल्या अनेकांच्या फोनमध्ये एकच संदेश असतो : “नमुना 30 पेक्षा मोठा असेल तर टी-टेस्ट, लहान असेल तर नॉन-पॅरामेट्रिक. आधी शापिरो-विल्क लावून सगळा डेटा नॉर्मल आहे का ते पाहा. दोन रकाने म्हणजे दोन गट. टक्केवारी असेल तर काय-स्क्वेअर. पी 0.05 च्या खाली गेला की फरक सिद्ध.” या पाचही विधानांत चूक आहे, आणि दोन वर्षे राबून गोळा केलेली माहिती त्यापायी वाया जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले विधान तर इतिहासालाच उलटे टांगते. टी-चाचणी, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी, जन्मली तीच लहान नमुन्यांसाठी. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली, आणि त्या लेखातले एक उदाहरण अवघ्या 10 रुग्णांचे होते. उलट, अतिशय लहान नमुन्यात नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणारी, चाचणीच हतबल होते. दोन्ही गटांत तीन-तीनच निरीक्षणे असतील, तर अशाच मान-व्हिटनी चाचणीचा दुतर्फा पी (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.1 च्या खाली जाऊच शकत नाही, मग औषधाचा गुण कितीही ठळक असो.

दुसऱ्या विधानातला ‘सगळा डेटा’ हा शब्द घातक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांचे हिमोग्लोबिन एकत्र केले तर वितरण नॉर्मलपासून, म्हणजे घंटेसारख्या सममित आकारापासून, ढळणारच, कारण दोघांच्या सरासरीच वेगळ्या असतात. अट असते ती प्रत्येक गटाच्या आतल्या वितरणाबद्दल. शिवाय शापिरो-विल्क लहान नमुन्यात बहुधा काहीच पकडत नाही आणि हजारोंच्या नमुन्यात क्षुल्लक विचलनावरही बोट ठेवते. त्यापेक्षा प्रत्येक गटाचा आलेख काढून डोळ्यांनी पाहावे. दोन गटांतल्या आकड्यांचे विखुरणे सारखे नसेल, तर एसपीएसएस हे सॉफ्टवेअर टी-चाचणीच्या तक्त्यात जी दुसरी ओळ छापते ती वेल्च यांची चाचणी असते, ती वापरावी.

तिसरे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ही चूक कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. गॉसेट यांच्या त्या 10 रुग्णांकडेच परत जाऊ. त्याच रुग्णांना झोपेची दोन औषधे देऊन किती तास झोप वाढली हे नोंदवले होते : सरासरी एकाने 0.75, दुसऱ्याने 2.33. रकाने दोन, पण माणसे तीच. म्हणून प्रत्येक रुग्णाचा स्वतःशीच फरक काढायचा. तसे केल्यावर पी सुमारे 0.003 येतो. हेच आकडे दोन स्वतंत्र गट समजून चालवले, तर पी 0.079 येतो आणि दिसत असलेला फरक हातातून निसटतो. (मोजमाप ‘होय/नाही’ असे असेल, तर अशा जोडीतल्या माहितीला मॅकनेमार यांची चाचणी लागते.)

उलट दिशेची चूक शेतीच्या प्रयोगांत होते. निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेत एका ओळीवर फवारणी केली, शेजारची ओळ तशीच ठेवली आणि दोन्हींतून शंभर-शंभर घड तोलले, तर नमुना 200 चा होत नाही. फवारणी ओळीला दिली होती, त्यामुळे स्वतंत्र एकके दोनच, आणि दोन ओळींत मुळातच माती-पाण्याचा फरक असेल तर तो फवारणीपासून वेगळा काढण्याचा मार्ग कोणत्याही चाचणीत नाही. ओळी वाढवायला हव्या होत्या, आणि कोणत्या ओळीला फवारणी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे होते.

चौथे विधान : काय-स्क्वेअर या गटांतल्या प्रमाणांची तुलना करणाऱ्या चाचणीत टक्केवारी नव्हे, माणसांची प्रत्यक्ष संख्या भरायची असते. एका गटात 40 टक्के, दुसऱ्यात 60 टक्के रुग्ण बरे झाले आणि तेच आकडे भरले, तर उत्तर 8 येते, म्हणजे पी 0.05 शी जुळणाऱ्या 3.84 या मर्यादेच्या बरेच वर. गटांत प्रत्यक्षात 20-20 रुग्ण असतील, तर 8 आणि 12 भरल्यावर तेच उत्तर 1.6 येते. तक्त्यातले अपेक्षित आकडे (गटांत फरक नसता तर प्रत्येक खान्यात आले असते ते) 5 पेक्षा कमी पडले, तर फिशर यांची अचूक चाचणी घ्यावी. तपासायचे ते अपेक्षित आकडे, नोंदवलेले नव्हेत.

पी विषयी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये निवेदन काढून स्पष्ट केले आहे की केवळ तो एखाद्या मर्यादेच्या खाली गेला म्हणून निष्कर्ष काढू नये. आणि तो 0.05 च्या वर राहिला म्हणून फरक नाही असेही ठरत नाही. झोपेच्या त्याच उदाहरणात ‘पी 0.003’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्या डॉक्टरला काही कळत नाही. दुसऱ्या औषधाने सरासरी 1.58 तास जास्त झोप लागली आणि 95 टक्के विश्वासांतर, म्हणजे या माहितीशी सुसंगत फरकांचा पट्टा, 0.70 ते 2.46 तास आहे, असे लिहिले की पाऊण तासाचा लाभही आपल्या रुग्णाला पुरेसा आहे का, हे त्याला स्वतः ठरवता येते.