मासा न धरण्याचा सराव

स्पर्धेच्या आधी मासा धरायचा नसतो, हे आमच्या गल्लीला पटवून देण्यापेक्षा मासा धरणं सोपं आहे. धुळ्याच्या जुन्या गावठाणातल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात आणि गल्लीत घरांपेक्षा ओटे जास्त वाटतात, कारण प्रत्येक ओट्यावर कुणीतरी निवृत्त माणूस बसलेला असतो. मोटारसायकलला रॉड बांधून मी संध्याकाळी गल्लीत शिरलो की चौकशी समितीचं कामकाज सुरू.

"किती?" पहिल्याच ओट्यावरून नाना.

"तीन."

नाना ताठ बसले. "दाखव."

"मासे नाहीत नाना. जागा. तीन जागा सापडल्या."

नाना पुन्हा भिंतीला टेकले. "जागा तर आमच्या जावयालाही सापडली, देवपूरला. खरेदीखत झालं. तुझं काय झालं?"

या सगळ्याचं मूळ माझा भाचा. पुण्याला शिकतो, पण रात्री अभ्यास करायच्या वेळी अमेरिकेतल्या बास माशांच्या स्पर्धा बघत बसतो. आमच्या भागातल्या काही हौशी लोकांनी गळाची स्पर्धा ठरवली आणि मी नाव दिलं, हे कळल्याबरोबर त्याचा फोन आला. "मामा, तयारी प्रोफेशनल पाहिजे." भाच्यापुढे मामाचं काही चालत नाही, ही खानदेशातली जुनी गोष्ट. कान धरून ऐकून घेतलं.

तर हे बास प्रकरण तिकडे फारच गंभीर आहे. 1967 साली रे स्कॉट नावाच्या माणसानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली आणि बघता बघता मासे धरणं हा पगारी धंदा झाला. 1971 साली त्यांनी पहिली 'क्लासिक' स्पर्धा घेतली, तर तळं कोणतं हेच गुप्त ठेवलं. स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान वर गेल्यावर सांगितलं, चला, लेक मीड. म्हणजे आधी जाऊन सराव करून ठेवायची सोयच ठेवली नाही. आता मात्र सरावाचे दिवस ठरवून दिलेले असतात आणि त्या दिवसांत तिकडचे पट्टीचे लोक जे करतात ते ऐकून माझा विश्वास बसेना. ते मासे धरतच नाहीत. मासा कुठे आहे, कशावर तोंड मारतो, एवढं बघतात आणि निघून जातात. कारण आज गळाला लागलेला मासा शहाणा होतो आणि उद्या, बक्षिसाच्या दिवशी, ढुंकूनही बघत नाही. काही जण तर गळाचं टोकच वाकवून किंवा कापून टाकतात. माशानं ओढावं, आपल्याला कळावं, आणि त्यानं सोडून द्यावं.

मला ही कल्पना मनापासून आवडली. मासा न मिळणं ही माझी इतके दिवस नुसती सवय होती, आता ती पद्धत झाली.

बास आमच्या धरणांत नाही. पण मरळ आहे, आणि मरळ काही कमी नाही. तीही दबा धरून बसणारी, झडप घालणारी, पिलांवर पहारा देणारी. शिवाय तिची एक अडचण आहे जी आपल्या पथ्यावर पडते. तिचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवेचा घोट घ्यायला तिला वर यावंच लागतं. म्हणजे गळ न टाकता, नुसतं पाण्याकडे बघत बसलं तरी मरळ कुठे आहे ते कळतं. थोड्या थोड्या वेळानं पाण्यावर एक गोल उमटतो, 'भुळूक' असा आवाज येतो, आणि आपण वहीत खूण करायची.

ऐकायला सोपं आहे. धरण साक्रीकडचं आहे, नाव सांगत नाही. सरावाची जागा सांगू नये हा भाच्याचा पहिला नियम. तिथे होळीनंतरच्या उन्हात, काठावरच्या एका दगडावर, ना गळ ना काठी, मी हातात वही घेऊन पाण्याकडे एकटक बघत बसलो. मेंढ्या घेऊन एक माणूस बराच वेळ लांबून पाहत होता. मग मेंढ्या तशाच टाकून माझ्यापाशी आला, शेजारी टेकला, तंबाखूची पुडी पुढे केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "भो, घरमा काही व्हयनं का?"

मी म्हटलं, नाही हो.

"कर्ज शे का?"

घराचा हप्ता आहे, पण ते त्याला सांगून काय उपयोग? मी मान हलवली. ते नेमकं चुकीचं समजलं गेलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरंसोरं शेतस ना? त्यासना तोंडकडे देख. पानी काय, उन्हायामा आटी जास." मी वही दाखवली, तर त्यानं ती वाचायला नको म्हणून तोंड फिरवलं. शेवटची चिठ्ठी वाटली असणार. तेवढ्यात समोर पाणकणसाच्या कडेला 'भुळूक' झालं आणि मी "आली, आली!" म्हणून उठून पाण्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली. पुढे त्यानं मला कमरेला मिठी मारून जे मागे ओढलं, त्यात माझी चप्पल पाण्यात गेली आणि मरळही गेली. नंतर आमची चांगली ओळख झाली. पण माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत अजून थोडी शंका असते.

गळ टाकायचा सराव वेगळा. त्यासाठी भाच्यानं कुरिअरनं एक रबरी बेडूक पाठवला. दोन बोटं जाडीचा, हिरवा, पोट पिवळं, मागे रबराच्या झिरमिळ्यांचे दोन पाय. त्याच्या पाठीला लगटून दोन गळ वर तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे तो शेवाळातून, जलपर्णीवरून सरसर जातो, कुठे अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. मी पक्कड घेऊन दोन्ही टोकं कापून टाकली. हा विधी मी ओट्यावर बसून केला हीच चूक झाली, कारण नानांनी तो पाहिला. नवाकोरा गळ कापणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. घरात सुनेला हाक मारून त्यांनी तिलाही दाखवलं.

पण तो क्षण खरोखर सांगण्यासारखा आहे. बेडूक पाणकणसाच्या बुंध्यापाशी टाकायचा, लाटा विरेपर्यंत थांबायचं, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, किंचित ताणून त्याला एक हिसका द्यायचा. पुन्हा थांबायचं. आणि मग अचानक पाणी फुटतं. 'भच्चक!' बेडूक गायब, रॉडचं टोक खाली, हाताला जिवंत वजन. एक, दीड सेकंद. मग तंगूस ढिली पडते आणि बेडूक पाठीवर चार दातांचे व्रण घेऊन वर येतो. मासा सुटल्याबद्दल आनंदानं ओरडणारा माणूस त्या काठावर मी एकटाच. मेंढ्यांचा मालक लांबून बघत होता. त्यानं नुसती मान हलवली.

सगळ्यात उपयोगी सराव मात्र धरणात जमीन गेलेल्या आबांकडे झाला. तिकडचे बासवाले बोटीला सोनार यंत्र लावतात, म्हणजे पाण्याच्या तळाशी काय आहे ते पडद्यावर दिसतं. धरण झाल्यावर बुडालेले रस्ते, ओढे, झाडांचे बुंधे, अशा ठिकाणी मोठे मासे आसरा धरतात, हे त्यांचं शास्त्र. आमच्याकडे ते यंत्र नाही, पण ज्यांची जमीन बुडाली ती माणसं आहेत. आबा काठावर उभे राहिले आणि काठीनं पाण्यावर सातबारा काढला. "तठे मन्ही इहीर व्हती. तेन्हा कडेले बाभूय. तठून पाटचारी गयी ती सीधी पिंपयना बुडजोडे." मी भराभर वहीत उतरवून घेत होतो. कुठला पाट कुठे वळला, कुठल्या बांधावर दगडी ताल होती, कुणी कुणाचा बांध किती कोरला. शेवटच्या मुद्द्यावर आबा बराच वेळ रेंगाळले. चुलतभावानं हातभर बांध खाल्ला होता म्हणे. आता त्या बांधावर वीस फूट पाणी आहे, पण आबांचा राग कोरडाच आहे. विहिरीच्या जागी मी खूण केली. तिथे खरंच मरळ होती. पडद्याच्या यंत्राला विहीर दिसली असती. ती कुणाच्या नावावर होती हे कसं दिसणार?

हे ऐकून भाचा फोनवर गंभीर झाला. "मामा, हे नियमात बसत नाही. तिकडच्या मोठ्या स्पर्धांत ठराविक तारखेनंतर स्थानिक माणसाकडून माहिती घ्यायला बंदी असते." मी त्याला म्हटलं, बाबा, धुळे जिल्ह्यात माहिती घेण्यावर बंदी घालता येईल, देण्यावर कोण घालणार? मी दाढी करायला बसलो, तर वस्तरा गळ्यावर असताना ऐकावं लागलं की कणकेत हिंग घाला. चहावाला म्हणतो लसूण. एस.टी.चा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, शेंगदाण्याची ढेप, तीही रात्रभर भिजवलेली. मरळ जिवंत भक्ष्य खाते, तिला ढेपेचं काय, हे म्हणायची सोय नाही. ज्यानं आयुष्यात गळ हातात धरला नाही त्याचा सल्ला सगळ्यात ठाम असतो आणि त्याच्या आजोबांनी धरलेला मासा सगळ्यात लांब.

घरी वेगळीच परीक्षा. तिकडच्या बऱ्याच स्पर्धांत जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवतात. उगाच नाही, 2022 साली ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत पहिल्या आलेल्या माशांची पोटं फाडली, तर आतून शिशाचे गोळे निघाले. ते बास नव्हते, वॉलाय जातीचे होते, पण लबाडी लबाडीच. आमच्याकडे यंत्राची गरज नाही. सौ. दारात उभी राहून आधी पिशवी बघते, मग मोटारसायकलचा काटा, मग माझं तोंड.

"एवढं पेट्रोल जाळलं. मासा लागला होता का?"

"लागला."

"मग?"

"सोडला. म्हणजे त्यानंच सोडलं. मी सोडू दिलं."

यावर ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. माय मात्र आतून म्हणाली, "सोडीच देनं शे तं धरस कसाले?" 1972 पासून अमेरिकेत धरलेला मासा जिवंत सोडण्याची मोहीम चालली आहे, मेलेला मासा वजनाला आणला तर गुण कापतात, वगैरे मी तिला सांगू लागलो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यासले भूक लागस नही का?"

इथपर्यंतही सगळं ठीक होतं. पण स्पर्धा तोंडावर आली आणि कालव्याला आवर्तन सुटलं. गहू-हरभरा निघाल्यावरचं, उन्हाळी पिकांसाठीचं पाणी. धरण भराभर उतरलं. बासवाल्यांनाही हे दुःख माहीत आहे: सरावात सापडलेली जागा पाण्याची पातळी बदलली की कामाची राहत नाही, मासा सरकतो, आपल्यालाही त्याच्यामागे सरकावं लागतं. पण त्यांच्या जागेवर कुणी काकड्या लावत नसेल. मी वही उघडून 'जागा क्र. 1' शोधत गेलो, तर तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, चालू होती. पाणकणसाच्या ठिकाणी सरी काढून, बी टाकून, एक बाई हंड्यानं पाणी घालत होती. मी वहीत बघतो, जमिनीकडे बघतो, पावलं मोजतो. ती घाबरून म्हणाली, "साहेब, मोजणीले उनात का? आमनी पावती शे." माझ्या हातातल्या रॉडकडे तिचं लक्षच गेलं नाही. वही घेऊन फिरणारा माणूस सरकारीच असतो.

दुसरी जागा चिखलात गेली. तिसरी, आबांची विहीर, तेवढी पाण्यात राहिली. आता ती काठापासून अगदी टप्प्यात आली होती. मी मनातल्या मनात मरळीला म्हटलं, बाई, रविवारपर्यंत जागची हलू नको.

शनिवारी संध्याकाळी आयोजकांचा फोन आला. नियम दोन. एक, काठावरच्या जागा नंबर घालून ठेवल्या आहेत, सकाळी चिठ्ठ्या काढून वाटणार. ज्याला जी येईल तिथेच बसायचं. म्हणजे आबांच्या विहिरीवर चिठ्ठीत कुणाचंही नाव निघू शकत होतं. भाच्याला कळवलं, तर तो म्हणाला, तिकडे बोटी असतात मामा, असं नसतं. दोन, मासा फूटपट्टीवर मोजून, फोटो काढून, लगेच पाण्यात सोडायचा. घरी न्यायचा नाही.

दुसरा नियम सौ.ला सांगायला मी जेवण होईपर्यंत थांबलो. तिनं दुपारीच नणंदेला जेवायला बोलावलं होतं, नानांच्या सुनेला वाटीभर कालवण कबूल केलं होतं, आणि खोबरं-कांदा भाजून काळ्या मसाल्याचं वाटण करून ठेवलं होतं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग वाटणाचा डबा फ्रीजमध्ये ठेवत म्हणाली, "उद्या येताना दोन किलो भरताची वांगी घेऊन या. आणि मोजून, फोटो काढून सोडून देऊ नका. घरी आणा."