"किती पट मोठं दिसतं?" हा प्रश्न सोडा

धूमकेतूची बातमी आली की आठवड्याभरात इनबॉक्समध्ये ठरलेला मेसेज येतो. "दादा, मुलासाठी टेलिस्कोप घ्यायचाय, ५२५ पट मोठं दाखवतो म्हणे. घेऊ का?" नका घेऊ. आजवर एवढंच उत्तर देत होतो, पण लोक मला खवचट समजायला लागलेत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

तो ५२५ चा आकडा येतो कुठून? ६० मिमी भिंगाचा, ७०० मिमी नाभीय अंतराचा (भिंगापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) टेलिस्कोप. भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की किती पट ते निघतं. सोबत ४ मिमीचा आयपीस देतात, म्हणजे १७५ पट. त्यावर तीन पट करणारी बार्लो लेन्स चढवली की झाले ५२५. गणित बरोबर आहे, खोक्यावर छापायला मोकळे! पण ६० मिमीच्या भिंगातून प्रकाश येणार तेवढाच. पट वाढवत नेणं म्हणजे वाटीभर ताकात घागरभर पाणी ओतणं. ढोबळ नियम असा की भिंगाचा व्यास जितके मिमी, त्याच्या दुपटीपुढे जायचं नाही. इथे १२० पट, तेही हवा स्थिर असेल तर. आणि स्टँड? फोकसच्या चकतीला नुसतं बोट लावलं तरी गुरू नाचत नाचत पसार होतो. ४ मिमीच्या आयपीसचं भोक इतकं बारीक असतं की डोळा काचेला टेकवावा लागतो, पापण्यांचं तेल काचेवर उमटतं. चष्मेवाल्यांनी तर नादच करू नये.

ग्रहांसाठी निदान पट वाढवायला काही अर्थ आहे. धूमकेतूला ते अजिबात मानवत नाही.

ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू घ्या. कोजागरीच्या चंद्रानं त्याची वाट लावली होती, पण २० तारखेच्या सुमारास अंधार पडल्यापासून चंद्र उगवेपर्यंत थोडा वेळ मोकळा मिळायचा. भोरच्या पुढे एका मित्राच्या शेतात माझा ८ इंची डॉब, म्हणजे साध्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप, लावला होता. त्याचं नाभीय अंतर १२०० मिमी. १० मिमीचा आयपीस घातला की १२० पट, आणि दिसणारा आभाळाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राएवढासुद्धा नाही. शेपटी कित्येक अंश लांब पसरलेली. मग दिसणार काय? करड्या धुक्याचा गोळा. रांगेतला माणूस डोळा लावायचा, "हो हो, दिसलं" म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. न दिसल्याचं "हो हो" मला लगेच ओळखू येतं.

२५ मिमीचा आयपीस लावला, ४८ पट, जेमतेम अंशभर आभाळ. आता डोकं दिसलं, शेपटी कुठून फुटते ते दिसलं. पण त्या रात्री सगळ्यांत भाव खाल्ला तो १०×५० च्या (१० पट, पुढचं भिंग ५० मिमी) बायनॉक्युलरनं. साडेसहा अंशांचा तुकडा, त्यात टोकदार डोकं आणि वर निमुळती होत विरत जाणारी शेपटी. शेजारच्या वस्तीवरच्या एक आजी आल्या होत्या. "शेंडेनक्षत्र म्हणतात ते हेच होय?" म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी बायनॉक्युलर कुणाला दिलं नाही. डॉब बिचारा रिकामा उभा.

धूमकेतू शोधणाऱ्यांचंही असंच. युजी ह्याकुताके या जपानी हौशी निरीक्षकानं जानेवारी १९९६ मध्ये धूमकेतू शोधला तो २५×१५० च्या अवाढव्य बायनॉक्युलरनं. पट फक्त २५! तोच धूमकेतू मार्चमध्ये पृथ्वीपासून दीड कोटी किमीवरून गेला. जपानच्याच हिदेओ निशिमुरांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पहाटेच्या आकाशात सूर्याजवळ आपला धूमकेतू शोधला तो साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर २०० मिमीची लेन्स लावून.

आता डॉबविषयी, कारण टेलिस्कोपच हवा असेल तर मी तोच सांगतो. जॉन डॉबसन हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत आश्रमात रामकृष्ण संप्रदायाचा संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून तो आरसे बनवायचा, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची बैठक करायचा. टेलिस्कोपच्या नादात आश्रमाबाहेर फार राहतो म्हणून १९६७ मध्ये त्याला आश्रम सोडावा लागला. मग त्यानं फुटपाथवर टेलिस्कोप मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. त्याच्याच नावाचा हा डॉब: मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हातानं ढकलायचा. पैसा जातो तो आरशात, नखऱ्यात नाही. आरसा मात्र अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून थंड होऊ द्यायचा, नाहीतर प्रतिमा उकळत राहते.

बातम्यांतल्या "चौथ्या प्रतीचा" वगैरे तेजस्वितेच्या आकड्यांवरही (आकडा लहान तितकं तेज जास्त) विसंबू नका. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका टिंबात असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश पसरलेला. म्हणून जुने निरीक्षक तेजस्विता ठरवताना शेजारचा तारा मुद्दाम फोकसबाहेर नेतात, तो धूमकेतूच्या डोक्याएवढा फुगवतात आणि मग तुलना करतात. करून बघा, मजा येते. लेमन धूमकेतू २१ ऑक्टोबर २०२५ ला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, सुमारे ९ कोटी किमी. चौथ्या प्रतीच्या आसपास, म्हणजे कागदावर नुसत्या डोळ्यांना दिसणारा. फटाक्यांच्या धुरात आणि गच्चीवरच्या एलईडी माळांत तो शहरातून कुणाला दिसणार? फोटोत हिरवागार दिसतो ते कार्बनच्या रेणूंमुळे आणि कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरमुळे. डोळ्याला बहुतेक वेळा करडाच दिसतो. मुलांना हे आधी सांगा. (सूर्यमालेबाहेरून आलेल्या थ्रीआय-अ‍ॅटलास धूमकेतूला परग्रहवासीयांचं यान ठरवणाऱ्या चॅनेलांवर वेगळी पोस्ट लिहीन, बीपी तपासून.)

"शतकातला धूमकेतू" हा मथळा दिसला की मला आयसॉन आठवतो. २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याला वळसा घालताना त्याचा चुराडा झाला. निओवाइज खरंच सुरेख होता, पण आला जुलै २०२० मध्ये! आपल्याकडे ढग, वर लॉकडाऊन.

पावसाळ्याचा आणखी एक ताप म्हणजे बुरशी. आयपीसच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागले की समजायचं. कोकण-मुंबईवाल्यांनी जूनच्या आधी सगळे आयपीस आणि बायनॉक्युलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. कपाटात चामड्याच्या केसमध्ये तर मुळीच ठेवू नका.

तेव्हा आधी १०×५० चं बायनॉक्युलर घ्या, साधारण त्या ५२५ पटवाल्याच्याच पैशात येतं. लाल कागद लावलेला टॉर्च घ्या आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या. मुंबईकरांनी खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन यावं, पुणेकरांना ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, १९४४ पासून. तिथे दुसऱ्यांच्या टेलिस्कोपमधून पाहा, मग खिशात हात घाला.

आणि ज्यांनी तो ६० मिमीचा आधीच घेतलाय त्यांनी फेकू नका. ४ मिमीचा आयपीस आणि बार्लो खोक्यात परत ठेवा, २० मिमीचा लावा, ३५ पट. स्टँडच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगा, हलणं बरंच कमी होतं. गुरूचे चार चंद्र झकास दिसतात. आणि बायनॉक्युलर घेताना "झूम" लिहिलेलं तेवढं घेऊ नका, दुकानदार कितीही गळ घालो.