मस्कत डाळिंबाचं, मस्कट द्राक्षाचं: ‘वाशीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वाशीकर,

‘मस्कट’ या द्राक्षाच्या नावावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग मला चांगलं फैलावर घेतलंत. दोन्हीबद्दल आभार. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमच्या एका मुद्द्यासाठी मला तुर्भ्याच्या फळ मार्केटात जाऊन यावं लागलं.

तुमची प्रतिक्रिया खाली सरकली आहे, म्हणून इतरांसाठी तिचा गोषवारा देते. मस्कट हे ओमानमधलं शहर, आपल्याकडचं मस्कत डाळिंब तिथलंच, मग द्राक्षाचं नावही तिथूनच आलं असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी मात्र ते ओढूनताणून संस्कृतात नेलं, तेही नको त्या अवयवापर्यंत. मस्कट म्हणजे गोड वाईन असं बाई लिहितात, पण तुमच्या चिरंजीवांनी आणलेल्या बाटलीवर ‘मस्कट’ लिहिलं होतं आणि आतला माल कोरडा ठणठणीत निघाला. द्राक्षाची दारू आपल्याकडे नव्हतीच, तेव्हा हे परक्यांचं कौतुक कशाला? आणि शेवटी, हे द्राक्ष नवी मुंबईत मिळतं का, ते तरी सांगा.

आधी माझी चूक. बाटलीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. मस्कट हे द्राक्षांच्या एका मोठ्या गोतावळ्याचं नाव आहे, गोडपणाचं नाही. फ्रान्समध्ये अल्सासला त्याच द्राक्षाची साखर पूर्ण आंबवून कोरडी वाईन करतात. इटलीत आस्तीला रस आंबत असताना मध्येच थंड करून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपासच राहतं. तिला मोस्कातो म्हणतात. मी मोस्कातो प्यायले होते आणि तेवढ्या भांडवलावर सगळ्या कुळाला गोड ठरवून मोकळी झाले. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

आता डाळिंब. गेल्या शनिवारी सकाळी मार्केटात द्राक्षांच्या गाळ्यावर उभी राहून मी मुद्दाम विचारलं, “मस्कट आहे का?” गाळेवाल्याने मान वर न करता हात उजवीकडे केला. “डाळिंबं पलीकडच्या लाइनीत, ताई.” तिथे गेले तर दुसरा हसला. “मस्कत आता कोण लावतंय? सगळा भगवा आहे.” आणि त्याने एक फळ फोडून माझ्या हातावर लालभडक दाणे ठेवले. म्हणजे बाजाराच्या कानाला मस्कट म्हणजे डाळिंबच ऐकू येतं. तिथे मी तुमच्यापुढे हरले, असं समजा. डाळिंबाला ते नाव शहरावरून मिळालं, हे मला मान्य आहे. पण द्राक्षाचं तसं नाही आणि ते शब्द उसवून दाखवता येतं.

शहराचं नाव अरबी आहे. त्यात स, क आणि त ही मूळ अक्षरं, त्यांचा अर्थ ‘पडणे’, आणि पुढे ‘म’ लावला की होते पडण्याची जागा. यातला क घशाच्या तळातून काढायचा. द्राक्षाच्या नावात मूळ आहे ‘मस्क’, म्हणजे कस्तुरी. फारसीत मुश्क, ग्रीकमध्ये मोस्खोस, लॅटिनमध्ये मुस्कुस. त्याला लॅटिनचा ‘-आतुस’ हा प्रत्यय लागून झालं ‘कस्तुरीच्या वासाचं’, आणि त्यातून इटालियन मोस्कातो, फ्रेंच मस्कट, स्पॅनिश मोस्कातेल. म्हणजे शहराच्या नावात ‘म’ वरून चिकटलेला आणि ‘त’ मूळचा, तर द्राक्षाच्या नावात ‘म’ मूळचा आणि ‘ट’ वरून चिकटलेला. दोघं जुळ्यासारखे दिसतात, पण नातं काही नाही. युरोपात १३व्या शतकातल्या लॅटिन लिखाणात मस्कट द्राक्षाच्या वाईनचा उल्लेख येतो. जायफळालाही लॅटिनमध्ये त्याच सुमाराला कस्तुरीचं फळ म्हणत, जर्मन माणूस आजही जायफळाला मुस्काटनुस म्हणतो. जायफळ काही ओमानातून येत नव्हतं.

इटालियनमध्ये ‘मोस्का’ म्हणजे माशी. गोड द्राक्षावर माश्या घोंगावतात म्हणून मोस्कातो, असंही सांगणारे आहेत. रोमन लेखक प्लिनी एका द्राक्षाचं नाव मधमाश्यांवरून पडल्याचं सांगतो, त्याचा आधार यासाठी घेतात. मला ते पटत नाही. माश्या तर सगळ्याच गोड द्राक्षांवर बसतात.

आता तो नको तो अवयव. संस्कृतात ‘मुष्क’ म्हणजे अंडकोश. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा शब्द उघडपणे येतो, ऋषींना त्याची लाज वाटलेली दिसत नाही. मूळ ‘मूष्’, म्हणजे उंदीर. मुष्क म्हणजे लहानसा उंदीर. कस्तुरीमृगाच्या पोटाखालची पिशवी तशी दिसते, म्हणून त्या सुगंधी द्रव्याला फारसीत मुश्क नाव पडलं, असं बहुतेक कोश सांगतात. लॅटिन माणसाने दंड फुगवला तर त्याला कातडीखाली छोटा उंदीर पळताना दिसला, त्याने स्नायूला ‘मुस्कुलुस’ म्हटलं. आपण त्याच जागी बेडूक पाहिला आणि दंडाची बेटकुळी केली. अंगाला प्राण्यांची नावं देण्याची खोड सगळ्यांनाच आहे. आणि द्राक्षाचंच म्हणाल तर अमरकोश उघडून बघा: ‘मृद्वीका गोस्तनी द्राक्षा स्वाद्वी मधुरसेति च’. गोस्तनी, म्हणजे गाईच्या सडासारखी. लांबट द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा, नाव किती चपखल आहे! शाळेत हा श्लोक घोकताना आमच्या बाई अडखळल्या नव्हत्या, मग मुष्काशी तुम्ही का अडखळता?

‘सगळं संस्कृतातून आलं’ असं म्हणायचा माझा हेतू असल्याचं तुम्हाला वाटलं, म्हणून एक गंमत सांगते, जी मूळ लेखात राहून गेली. संस्कृतात त्या सुगंधाला मुष्क म्हणत नाहीत, कस्तुरी म्हणतात. आणि कस्तुरी हा शब्द बऱ्याच अभ्यासकांच्या मते ग्रीक ‘कास्तोर’वरून आला आहे. कास्तोर म्हणजे बीव्हर, पाण्यात बांध घालणारा तो दातेरी प्राणी. त्याच्या ग्रंथीतूनही एक उग्र सुगंधी द्रव्य निघतं. म्हणजे अवयवाचा आपला शब्द त्यांनी सुगंधासाठी नेला आणि सुगंधासाठी आपण त्यांच्या प्राण्याचा शब्द आणला. यात कोणी कोणाला शब्द दिला म्हणून छाती फुगवायची, ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्या घरच्या मैदानावर येते. रबाळ्याच्या एमआयडीसीत सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं काढली. आमचं काम म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या द्रव्यात बुडवायच्या, फडकवायच्या आणि हुंगायच्या. कस्तुरीची पट्टी (अर्थात कृत्रिम, हरणाची कस्तुरी १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे) मऊ, उबदार, धुतलेल्या अंगासारखी लागते आणि दुसऱ्या दिवशीही पट्टीवर बसून असते. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला तिचा एक प्रकार अजिबात यायचा नाही. पट्टी नाकाशी धरून तो म्हणायचा, “मॅडम, हा कोरा कागद आहे.” असं बऱ्याच लोकांचं होतं.

मस्कट द्राक्षाला हा वास नाही! त्याच्या वासाचा जीव दोन-तीन द्रव्यांत आहे, मुख्य लिनालूल आणि जेरानिऑल. लिनालूल म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातले धने, धन्याच्या तेलात सगळ्यांत जास्त तेच असतं. जेरानिऑल म्हणजे गुलाब. आपल्या खानदेशातल्या रोशा गवतात, ज्याला तिखाडीही म्हणतात, तेच भरलेलं असतं. एके काळी रोशाचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून जिरे. मग युरोपीय माणसाने या द्राक्षाला कस्तुरीचं का म्हटलं? माझा अंदाज असा की ज्या काळात कस्तुरी हा सुगंधाचा राजा होता, त्या काळात ‘कस्तुरीचा’ म्हणजे नुसतंच ‘घमघमणारा’. आपणही पिवळ्या फुलाला सोनचाफा म्हणतो, त्यात सोनं शोधत नाही.

आपल्याकडे मात्र नाकाने नेमकं काम केलं. मस्कट कुळातलं ‘मस्कट हॅम्बुर्ग’ हे द्राक्ष दक्षिणेत पिकतं, आणि त्याला नाव आहे ‘गुलाबी’. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात ते जवळपास वर्षभर निघतं, तिथे त्याला पन्नीर म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. प्रयोगशाळेशिवाय, पट्ट्यांशिवाय, शेतकऱ्याने जेरानिऑल ओळखलं. या बाबतीत मी गुलाबी म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे.

आमच्या मजल्यावर थेनीकडचं एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडून आलेला घड मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा बशी समोर घेऊन बसले होते. दाणे लहान, गोल, जांभळट काळे, वर धुकं धरल्यासारखा पांढुरका थर. दाताने दाबलं की साल एकीकडे आणि गर एकीकडे. गरात बिया, त्या बशीत. तास-ए-गणेश आणि सोनाका ही बिनबियांची द्राक्षं खाऊन लाडावलेल्या आपल्या जिभेला बिया म्हणजे अपमान वाटतो, पण ते सोडा. गिळल्यावर नाकात मागून जो वास येतो, तो गुलाबाच्या सरबताचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “यात कोणी अत्तर टोचलंय का?”

हाच वास आंबवल्यावरही टिकतो. बहुतेक द्राक्षांची वाईन झाली की द्राक्षाचा वास जातो आणि वेगळेच वास उगवतात. मस्कटची वाईन मात्र मस्कट द्राक्षासारखीच लागते. म्हणून तर फळाला आणि पेयाला एकच नाव चाललं. आणि तुम्ही वाईनला हातही न लावता हा शब्द चाखला असण्याची शक्यता आहे: दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीच्या चहाची जी खास चव, तिला ‘मस्कटेल’च म्हणतात. ती येते तुडतुड्यांमुळे. होय, तेच पान शोषणारे तुडतुडे, ज्यांच्यावर आपला शेतकरी फवारणी करतो. तिथे ते चहाचं कोवळं पान चावतात, पान स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि मळेवाला त्याचे जास्त पैसे घेतो.

राहिला परक्यांचा मुद्दा. ‘द्राक्षाची दारू आपल्याकडे नव्हतीच’ हे विधान मागे घ्या, असं मी सांगत नाही, पाणिनी सांगतो. अष्टाध्यायीत ‘कापिश्याः ष्फक्’ असं सूत्र आहे (४.२.९९). कापिशी नावाच्या नगरीवरून ‘कापिशायन’ हा शब्द कसा बनवायचा, एवढ्यासाठीच ते आहे. काशिकेत, म्हणजे अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेत, उदाहरणं दिली आहेत: कापिशायनं मधु, कापिशायनी द्राक्षा. कापिशीची वाईन आणि कापिशीचं द्राक्ष, दोन्हींना एकच शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं प्रकरण काढा. तिथे द्राक्षाच्या रसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलं आहे आणि आपापल्या देशावरून त्याची नावं पडतात असं सांगून दोन दिली आहेत, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजचं बेग्राम, काबूलच्या उत्तरेला. २०२१पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या बग्राम विमानतळाच्या बातम्या वाचताना हे नाव तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. (जाता जाता: हा ‘मधु’ म्हणजे आपला मध. ‘मद्य’ त्याचा भाऊ वाटतो, पण तो ‘मद्’ धातूचा. दिसण्यावरून नाती लावू नयेत, हे डाळिंबापाशी झालंच आहे.)

म्हणजे बघा, गावावरून फळाला आणि त्याच्या वाईनला नाव पडतं, हे तुमचं तत्त्व खोटं नाही. कापिशायनाला ते हुबेहूब लागू पडतं आणि पाणिनीने त्याला सूत्रच देऊन ठेवलं आहे. तुम्ही ते फक्त चुकीच्या द्राक्षाला लावलंत.

शेवटचा प्रश्न, कुठे मिळेल. तुर्भ्यात मला त्या शनिवारी दिसलं नाही. नेरूळला दाक्षिणात्य भाजी, म्हणजे नारळ, केळफूल, ताजा कढीपत्ता विकणारी दोन-तीन दुकानं आहेत, तिथे अधूनमधून असतं. मस्कट मागू नका, कोणाला कळणार नाही. पन्नीर मागा, पण ‘द्राक्ष’ हा शब्द आधी घ्या. मी नुसतं पन्नीर म्हटलं होतं, तर त्याने फ्रिज उघडून दोनशे ग्रॅमचं पाकीट पुढे केलं.