जिताडा कोणत्या पाण्यातला?

लेख आवडला, पण 'गोड्या पाण्यातला मासा समुद्रात आणि समुद्रातला गोड्या पाण्यात मरतोच' हे वाक्य सरसकट खरं नाही. आमच्या रायगडातला जिताडाच बघा. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, पिल्लं खाडीत शिरतात आणि अलिबाग-पेणकडे लोक ती शेततळ्यात वाढवतात. तिथे तो छान पोसतो.

खरा फरक शरीरातल्या मिठाच्या हिशेबाचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, हाडाच्या माशाच्या रक्तात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून सुरमई-पापलेटच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते समुद्राचं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. रोहू-कटल्याचं उलट: पाणी आपोआप आत शिरतं, त्यामुळे ते पातळ लघवी भरपूर करतात आणि कल्ल्यांतून क्षार शोषून घेतात. जिताड्याचे कल्ले दोन्ही कामं करू शकतात, फक्त बदल हळूहळू व्हायला हवा.

मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा, उल्लेख लेखात हवाच होता. ती रक्तात युरिया साठवून समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी साधते, म्हणून तिच्या अंगातलं पाणी तसं बाहेर ओढलं जात नाही. शिळ्या मुशीला अमोनियाचा उग्र वास येतो तो या युरियामुळेच.