नदी बुजवली म्हणून जागा होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल वाचली. खालीच चार ओळी लिहून मोकळा होणार होतो, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ वाद पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नवा थीम पार्क उभारण्यापेक्षा जुना वाढवणं जास्त कठीण, आणि जुने पार्क रखडलेले दिसतात ते बहुतेकदा यामुळेच. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही मालकांची फुकटची वकिली आहे. खिशात हात घालायचा नाही म्हणून ते ठिगळं लावत बसतात. मला जुन्याचा लळा, त्यामुळे गंजसुद्धा सोनेरी दिसतो. जुनं पाडावं, नवं बांधावं, यात अवघड ते काय? पुरावा म्हणून तुम्ही फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कचं नाव घेतलंत. जुलै २०२५ मध्ये डिस्नेने तिथली नदी, तिच्यातलं बेट आणि वाफेची बोट कायमची बंद करून ती जागा नव्या राइडना दिली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. शेवटी सल्ला, की मी उंटावरून शेळ्या हाकू नयेत.

उंटाचं मान्य. मी पार्क चालवत नाही. तिकीट काढून आत जातो आणि राइडपेक्षा राइडच्या मागच्या दारात जास्त डोकावतो, इतकाच माझा अधिकार. गंजाचं अर्धं मान्य, त्याकडे येतो. आधी नदी, कारण तुमचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने जास्त बोलतं.

डिस्नेने फ्लोरिडात साठच्या दशकात सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. एवढी का घेतली? कारण कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं ते १६० एकरांच्या तुकड्यावर, आणि बघता बघता भोवती मोटेलांचा वेढा पडला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून दुसऱ्या खेपेला क्षितिजापर्यंत जमीन घेऊन ठेवली. मग अशा धन्याला स्वतःच्याच पार्कातली नदी बुजवायची पाळी का यावी? मला विचाराल तर, नकाशावरची मोकळी जमीन आणि पार्कातली जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुंपणापलीकडच्या जमिनीपर्यंत लोकांनी चालत जायला हवं, आणि दुसऱ्या वाटेने परत यायला हवं. नाहीतर ती एक बंद गल्ली होते आणि तिच्या तोंडाशी माणसांचा बोळा बसतो. तिथे पाणी, सांडपाणी, वीज न्यायला हवी. कचऱ्याची गाडी आणि रुग्णवाहिका प्रेक्षकांना न दिसता पोचायला हवी. जुन्या पार्काच्या कडेला नेमका याच सगळ्याचा पसारा असतो: गोदामं, वर्कशॉप, कर्मचाऱ्यांच्या वाटा. रिकामी दिसते ती जागा पार्काचं माजघर असतं.

आणि आभाळ कोसळलं नाही म्हणता, पण काय गेलं ते बघा. बेट आणि बोट या दोन्ही गोष्टी माणसं जिरवत होत्या. तासभर रांगेत न उभं राहता लोक तिथे मुरायचे, पोरं पळायची, आजोबा कठड्याला टेकून बसायचे. अशा निवांत जागांची हजेरी कोणी मोजत नाही, कारण त्यांना रांग नसते. त्या गेल्या की तीच माणसं उरलेल्या राइडच्या रांगेत दिसायला लागतात. नवी राइड उघडेपर्यंत पार्क मोठा होत नाही, लहान होतो. हे तुमच्या ‘पाडा-बांधा’त कुठे बसतं?

साधा हिशेब करू. समजा एक राइड तासाला २००० माणसं नेते आणि दिवसाला दहा तास चालते. म्हणजे रोजच्या वीस हजार फेऱ्या. ती दोन वर्षं बंद ठेवायची तर तेवढी माणसं रोज दुसरीकडे जाणार, तिकीट मात्र पूर्ण भरून. म्हणून चालवणारे एका वेळी एकच मोठं काम काढतात, तेही जमल्यास थंडीत, गर्दी ओसरल्यावर. बाहेरून तो आळस दिसतो. राहत्या घरात एकेक खोली रिकामी करून फरशी बदलणाऱ्यांना विचारा.

आता जागेच्या अडचणीतून काय निघतं याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. थोडं विषयांतर आहे, पण सांगणारच. डिस्नेलँडच्या भोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून आगगाडी फिरते. बांधाच्या आत जागा संपलेली. १९६७ मध्ये समुद्री चाच्यांची राइड उघडली, तिच्यात बोट सुरुवातीलाच दोन धबधब्यांवरून खाली पडते. थरारासाठी, असं आपल्याला वाटतं. खरं काम वेगळंच आहे: बोटीला रुळांच्या खालून बांधापलीकडे न्यायचं, कारण राइडची खरी इमारत तिकडे आहे. १९६९ च्या भुताच्या वाड्यातही तेच. ज्या दालनाच्या भिंती लांबत जातात असा भास होतो, ती चक्क लिफ्ट आहे. आपण तळघरात उतरतो आणि भुयारातून बांधापलीकडे चालत जातो. पुढे फ्लोरिडात हाच वाडा बांधला तेव्हा जागेची चणचण नव्हती, खाली उतरायची गरज नव्हती. तरी दालन ठेवलंच. फक्त तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. अडचण गेली, पण तिने शिकवलेली जादू राहिली. पाटी कोरी असती तर हे कोणाला सुचलं असतं का, मला शंका आहे.

त्याच डिस्नेलँडमध्ये २०१९ मध्ये १४ एकरांचा स्टार वॉर्सचा भाग उघडला. त्यासाठी नदी आखूड केली, आगगाडीचा मार्ग वळवला, गाडी जानेवारी २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत बंद ठेवली. साठ वर्षं फक्त उजवीकडे वळणारी ती गाडी त्यानंतर पहिल्यांदा डावीकडे वळली. इथे नदी बुजवली नाही, मुरड घातली. काम तुमच्या सल्ल्यापेक्षा किचकट झालं, पण मला हाच मार्ग बरा वाटतो.

शेजारपाजार हा आणखी एक विषय. इंग्लंडच्या अल्टन टॉवर्स पार्कात झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये, म्हणून १९९४ ची नेमेसिस ही रोलर कोस्टर राइड खडक फोडून खड्ड्यात बसवली. जर्मनीतलं फँटाझियालँड घरं आणि राखीव निसर्ग यांच्या मध्ये अडकलंय. उंची आणि आवाज दोन्हींवर बंधनं, म्हणून तेही जमिनीत उतरतात आणि एका राइडच्या पोटातून दुसरी काढतात. पैसा असूनही हात बांधलेले असतात, इतकंच मला यातून दाखवायचं होतं.

आता गंज. तुम्हाला वाटतं जुनी राइड म्हणजे रंग उडालेला पत्रा, रंग दिला की झालं आणि तेवढाही देत नाहीत. पण खरं दुखणं रंगाखाली असतं. ज्या कंपनीने ती राइड बनवली ती कदाचित उरलेलीच नसते. नळीच्या पोलादी रुळांचा पहिला कोस्टर, म्हणजे १९५९ चा मॅटरहॉर्न, बनवणाऱ्या ॲरोने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अशा यंत्राचा सुटा भाग दुकानात मिळत नाही, जुन्या आराखड्यावरून एकेक घडवावा लागतो. पोलादही थकतं. नेमेसिस नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली, बहुतेक रूळ नवे घातले आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा उघडली. वळणं तीच, खड्डाही तोच. एवढा खर्च करून जाहिरातीत सांगायला नवं काय, तर जवळजवळ काही नाही! कंजूष मालकाने हे केलं नसतं.

शिवाय जुनी भिंत उघडली की आजचे नियम आत येतात: आग, बाहेर पडायच्या वाटा, चाकाच्या खुर्चीची सोय. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधल्या भुताच्या किल्ल्याला आग लागून आठ किशोरवयीन मुलं मेली. तो ‘किल्ला’ म्हणजे एकमेकांना जोडलेले ट्रकचे डबे होते, पाण्याचे फवारे नव्हते, आणि बांधकाम ‘तात्पुरतं’ मानलं गेलं होतं. पार्कात तात्पुरतं म्हणून उभं केलेलं वर्षानुवर्षं राहतं, हा माझ्या मते या धंद्याचा सर्वांत वाईट रोग. इथे तुम्ही पाडा म्हणालात तर मी फावडं घेऊन येईन.

पण सगळंच पाडा म्हणाल तर नाही. आगीचंच दुसरं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये युरोपा-पार्कमधली १९८७ ची चाच्यांची बोट-राइड जळाली. पाडायचं काम आगीने फुकट करून दिलं, पाटी कोरी. त्यांनी काय केलं? २०२० मध्ये त्याच जागी पुन्हा चाच्यांचीच बोट फिरवली. कोपनहेगनच्या टिव्होली पार्कात १९१४ चा लाकडी कोस्टर आजही चालतो, गाडीत ब्रेक दाबायला माणूस बसतो. अमेरिकेतल्या सिडर पॉइंट पार्कने १९९१ चा, प्रवाशांची हाडं खिळखिळी करणारा लाकडी कोस्टर मोडीत काढला नाही. त्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ घातले आणि २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स म्हणून उघडला. आज लोक त्याच्यासाठी लांबून येतात. त्याच पार्कने टॉप थ्रिल ड्रॅगस्टर हा कोस्टर नव्याने घडवला, मे २०२४ मध्ये उघडला आणि जेमतेम आठवडाभर चालवून उरलेला हंगाम बंद ठेवावा लागला. पुढच्या वर्षी तो चालू झाला. म्हणजे खिशात हात घातला तरी वर्ष वाया जाऊ शकतं.

आणि आता तुमचा मुद्दा, जो मी मागच्या वेळी टाळला. डिस्नेलँडच्या टुमॉरोलँडमध्ये १९६७ पासून पीपलमूव्हर नावाची संथ गाडी उंचावरच्या मार्गावरून फिरायची. १९९५ मध्ये ती बंद केली आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. मार्ग संथ गाडीसाठी बांधलेला, वळणांना बाहेरून आत उतार नाही. तो उतार द्यायला हवा होता, दिला नाही. मग प्रत्येक वळणाआधी गाडी मंद करायची, वळण संपलं की पुन्हा पळवायची, की टायर झिजणार आणि सारखं काही ना काही बिघडणार. २००० मध्येच खेळ आटोपला. तो रिकामा मार्ग अजून लोकांच्या डोक्यावर तसाच उभा आहे, त्यावरून काहीही धावत नाही.

इथे जागेची अडचण नव्हती, शेजारी नव्हते, नियम आडवे आले नव्हते. जुन्या सांगाड्यावर नवा वेग बसवायचा आणि सांगाडा बदलायचे पैसे वाचवायचे, एवढंच झालं. सिडर पॉइंटनेही जुनाच सांगाडा वापरला, पण रूळ बदलले. याला तुम्ही ठिगळ म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या लेखात मी रॉकेट रॉड्सला ‘दुर्दैवी प्रयोग’ म्हटलं होतं. तो शब्द आज सकाळी बदलून ‘कंजूषपणा’ केला आहे. बाकी लेख होता तसाच ठेवतोय.